डफ वाजवला म्हणून घरातून हाकललं, पुढं त्याच डफानं सोलापूरच्या राम जोशींना लोकशाहीर केलं

तमाशाचा फड रंगात आला की मराठी माणूस एक ठरलेला शब्द वापरतो. लोक भारून गेले, असं म्हणतो.

हा शब्द मूळचा मांत्रिकाचा. अंगारा भारायचा, दोरा भारायचा, ताईत भारायचा. तोंडातल्या तोंडात काही शब्द म्हणायचे आणि साध्या राखेत ताकद आली असं मानायचं. शाहीर तरी वेगळं काय करतो? शब्द घेतो, ताल धरतो, आणि दिवसभर रानात राबून आलेला माणूस रात्रभर जागचा हलत नाही.

कला म्हणजे जादूच, असं उघडपणे मानणारे कलाकार आजही जगात आहेत. ॲलन मूर या गाजलेल्या ब्रिटिश कॉमिक्स लेखकानं १९९३ साली, आपल्या चाळिसाव्या वाढदिवशी, आपण आता जादूगार झालो असं जाहीरच करून टाकलं होतं. त्यांचं म्हणणं साधारण असं की, शब्दांनी आणि चित्रांनी माणसाचं मन बदलणं यालाच जुने लोक जादू म्हणायचे.

पण ही जादू फक्त समोर बसलेल्या लोकांवर चालते का? ती करणाऱ्याचं काय होतं?

याचं उत्तर शोधायला इंग्लंडला जायची गरज नाही. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीच्या सोलापुरात एक ब्राह्मणाचा पोरगा होता. त्याच्या हातात आधी पोथी आली, मग डफ आला, मग पुन्हा पोथी, मग चिपळ्या. प्रत्येक वेळी तो वेगळा माणूस झाला.

त्याचं नाव राम जगन्नाथ जोशी. महाराष्ट्र त्याला शाहीर रामजोशी म्हणून ओळखतो.

घरात पुराण, शेजारी तमाशा

रामचं जन्मवर्ष कुठं १७५८ तर कुठं १७६२ दिलेलं आढळतं. काळ पेशवाईचा. सोलापूर तेव्हा गिरण्यांचं शहर नव्हतं. भुईकोट किल्ला होता, सिद्धेश्वराचं देऊळ आणि तळं होतं, बाजारपेठ होती. आणि तेव्हाही या गावाच्या कानावर मराठीबरोबर कानडी आणि दख्खनी हिंदी पडत होती. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावानं इथं संक्रांतीला गड्डा भरतो, ते स्वतः बाराव्या शतकात कानडीत वचनं रचणारे कवी होते. म्हणजे शब्दाला साधना मानायची रीत या गावाला जुनी.

जोशींच्या घरातही शब्दाचीच पूजा होती, फक्त ती संस्कृत शब्दाची. थोरला भाऊ मुद्गल जोशी पुराण सांगायचा, कीर्तन करायचा, आणि त्याला गावात मान होता. धाकट्या रामनं याच वाटेनं जावं, अशी घरच्यांची अपेक्षा असणार हे उघड आहे.

पण रामचे कान दुसरीकडं लागले होते.

सोलापुरात तेव्हा धोंडी शाहीर नावाचा एक तमासगीर होता. जुन्या चरित्रांत सांगितलं जातं की राम लहान वयातच या धोंडीच्या नादी लागला. तमाशा बघायला जाऊ लागला, मग फडात बसू लागला आणि मग धोंडीसाठी लावण्या रचून देऊ लागला.

आज हे वाचून आपल्याला वाटेल, त्यात काय एवढं? कॉलेजातला पोरगा बँडसाठी गाणी लिहितो, तसंच.

तसं नव्हतं. तमाशा तेव्हा प्रामुख्यानं गावकुसाबाहेरच्या आणि कष्टकरी जातींच्या हातात होता. महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांनी ही कला जगवली होती. डफाला कातडं असतं, म्हणून सोवळ्याच्या घरात डफ विटाळाचा. पुराणिकाच्या भावानं तमासगिरांच्या मांडीला मांडी लावून बसणं म्हणजे घराची अब्रू वेशीवर टांगणं. वाळीत पडायचीही भीती. वाळीत पडलेल्या पुराणिकाचं पुराण ऐकायला कोण येणार? म्हणजे रामच्या छंदाची किंमत सगळ्या घराला मोजावी लागणार होती.

व्हायचं तेच झालं. मुद्गल जोशीनं धाकट्या भावाला घराबाहेर काढलं.

फडात असं काय होतं?

राम एवढा का ओढला गेला, हे कळायला तेव्हाचा तमाशा समजून घ्यावा लागतो.

रात्रीची वेळ. मशालींचा उजेड. डफ, तुणतुणं, ढोलकी. आधी गण, म्हणजे गणपतीला आवाहन. मग गौळण. मग लावण्या. मुख्य शाहीर एक ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ती उचलून धरतात. स्त्रीची भूमिका बहुतेक वेळा नाच्या पोऱ्याच करायचा. अंगावर लुगडं चढलं, पायात चाळ बांधले की तो पोऱ्या तेवढ्यापुरता कुणीतरी वेगळाच व्हायचा.

सवाल-जवाबात तर अख्खं तत्त्वज्ञान निघायचं. कलगीवाले शक्तीला मोठं म्हणायचे, तुरेवाले शिवाला. कोड्यात सवाल टाकायचा आणि समोरच्या फडानं तिथल्या तिथं रचून उत्तर द्यायचं. ज्या लोकांना पोथीला हात लावायची बंदी होती, ते लोक इथं शिव आणि शक्तीवर रात्र रात्र वाद घालत होते.

घरात रामनं जे शब्द ऐकले होते, ते जसेच्या तसे म्हणायचे होते. एक मात्रा इकडची तिकडं झाली तरी पाप. फडात तेच शब्द ताजे, गरम, त्या क्षणी जन्मलेले. शब्दांचं वेड असलेल्या पोराला यातलं काय आवडलं असेल, हे सांगायला नको.

इथं गोष्टीला वळण मिळतं

घरातून हाकललेला पोरगा थेट फडात गेला आणि मोठा शाहीर झाला, असं सिनेमात शोभलं असतं. रामनं तसं केलं नाही.

तो सोलापूरहून पंढरपूरला गेला. अंतर फार नाही, सत्तर किलोमीटरच्या आसपास. परंपरा सांगते की तिथं तो बाबा पाध्ये यांच्याकडं शिकायला राहिला.

हे बाबा पाध्ये म्हणजे काशिनाथशास्त्री उपाध्याय. साधीसुधी असामी नव्हे. १७९० च्या सुमारास त्यांनी धर्मसिंधु हा ग्रंथ पूर्ण केला. कोणतं व्रत कधी, कोणत्या तिथीला काय करायचं, कशाचं सुतक किती दिवस, याचे निर्णय देणारा हा ग्रंथ. आजही पुरोहित मंडळी अडलं की धर्मसिंधु उघडतात.

म्हणजे बघा, आचारधर्म मोडला म्हणून ज्याला घर सोडावं लागलं, तो शिकायला गेला तो आचारधर्माचा ग्रंथ लिहिणाऱ्याकडं.

तिथं त्याने संस्कृत पक्कं केलं. काव्य, अलंकार, वृत्तं यांचा अभ्यास केला. हा अभ्यास किती खोल होता याचा पुरावा म्हणजे पुढं त्याने मदालसाचंपू नावाचं काव्य थेट संस्कृतात लिहिलं. चंपू म्हणजे गद्य आणि पद्य मिसळून केलेली रचना. हौशी माणसाला जमणारं हे काम नाही.

आपल्याकडच्या जुन्या काव्यशास्त्रात कवी कशानं होतो याची तीन कारणं सांगितली आहेत. प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास. प्रतिभा जन्मजात. व्युत्पत्ती म्हणजे वाचून, बघून, शिकून आलेली जाण. अभ्यास म्हणजे रोजचा रियाज. रामकडं प्रतिभा सोलापुरातही होती. उरलेल्या दोन गोष्टी त्याने पंढरपुरात कमावल्या.

शास्त्र शिकून राम सोलापूरला परतला. त्याच्या चरित्रात सांगितलं जातं की आता तो स्वतः पुराण सांगू लागला, कीर्तन करू लागला. भावाला हवा होता तसा भाऊ मिळाला.

पण डफ काही सुटला नाही. विद्वान झालेल्या रामनं पुन्हा तमाशाचा रस्ता धरला आणि या वेळी स्वतःचा फड उभा केला. दुसऱ्याला लावण्या रचून देणारा राम संपला आणि शाहीर रामजोशी उभे राहिले.

शास्त्र्याची लावणी

रामजोशींच्या आधी लावणी नव्हती असं नाही. पण त्यांच्या हातात आल्यावर तिचं रूप बदललं.

त्यांनी पंढरपुरात शिकलेलं सगळं फडात ओतलं. लांबच लांब संस्कृत समास ढोलकीच्या ठेक्यावर बसवले. एका अक्षराची माळ लावायची आणि ती ओळभर ओढत न्यायची, ही त्यांची खासियत. अनुप्रास आणि यमकं इतकी की नुसतं वाचतानाही जिभेला ताल सापडतो. अर्थ पूर्ण कळायच्या आधीच नाद कानात शिरतो. मांत्रिकाचा मंत्रही असाच चालतो, ऐकणाऱ्याला त्यातला शब्द न् शब्द कळावा लागत नाही.

आणि यात सोलापूरही होतं. रामजोशींनी मराठी, संस्कृत, कानडी आणि हिंदी अशा चार भाषा एकत्र गुंफून लावणी रचली. ज्या गावाच्या बाजारात या भाषा रोज एकमेकींना धक्का देत होत्या, त्या गावच्या पोरालाच हे सुचणार.

त्यांच्या शृंगारिक लावण्या सर्वाधिक गाजल्या. नायिकेचं वर्णन करावं तर रामजोशींनीच, अशी त्यांची ख्याती झाली. पण त्यांचा दुसरा सूरही तेवढाच धारदार होता. जटा वाढवून, माळा घालून, भस्म फासून देवपणाचं सोंग करणाऱ्यांना त्यांनी एका लावणीत असं झोडपलंय की आजही ती लावणी ढोंगी बाबाबुवांवरच्या टीकेचा नमुना म्हणून अभ्यासली जाते. मन बदललं नाही तर वेष बदलून काय उपयोग, हा त्या लावणीचा रोख.

हे लिहायचा हक्क त्यांच्याकडं होता. वेष बदलल्यावर लोक कसे वागतात, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. पोथी हातात असताना नमस्कार करणारे लोक डफ हातात दिसला की तोंड फिरवत होते. माणूस मात्र तोच होता.

मोरोपंतांनी पारख केली

त्या काळात बारामतीला बाबूराव नाईकांच्या आश्रयाला कवी मोरोपंत राहात होते. मराठी पंडित कवितेतलं सगळ्यांत मोठं नाव. आर्या वृत्तावर त्यांची हुकमत एवढी की आर्या म्हटलं की मोरोपंतच आठवतात. रामजोशींचे गुरू बाबा पाध्ये हे मोरोपंतांचे व्याही.

आख्यायिका अशी आहे की मोरोपंतांच्या कानावर रामजोशींची लावणी पडली. पंडित माणूस, नाक मुरडून निघून गेला असता. पण मोरोपंतांना त्या शब्दांमागचा अभ्यास दिसला. एवढी वाणी आहे तर ती ईश्वराच्या कामी लाव, असं त्यांनी रामजोशींना समजावलं. रामजोशींनी डफ बाजूला ठेवला आणि कीर्तनाला उभे राहिले.

आता यातला गंमतीचा भाग. मोरोपंतांच्या आर्या विद्वानांसाठी होत्या. सामान्य माणसाला त्या जड जायच्या. रामजोशी कीर्तनात त्या आर्या म्हणू लागले आणि लोकांना त्या पाठ होऊ लागल्या. गर्दीला धरून कसं ठेवायचं, कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, हे सगळं ते फडात शिकले होते. पोथीनं त्यांच्या लावणीला शब्द दिले होते, आता तमाशानं त्यांच्या कीर्तनाला गळा दिला.

याच काळात असा बदल दुसऱ्या एका शाहिराच्या आयुष्यातही घडल्याचं सांगतात. संगमनेरचे अनंत फंदी. तेही तमाशा गाजवणारे, तेही ब्राह्मण. अहिल्याबाई होळकरांनी कान टोचल्यावर त्यांनी डफ सोडून कीर्तन धरलं, अशी त्यांची आख्यायिका आहे.

दोन्ही गोष्टी एकाच साच्यातल्या वाटतात. आधी वाट चुकलेला शाहीर, मग थोर व्यक्तीची भेट, मग उपरती. सांगणाऱ्यांना हा शेवट आवडत होता, कारण त्यात शेवटी पोथी जिंकते.

रामजोशींचं आयुष्य मात्र या साच्यात पूर्ण बसत नाही. मोरोपंत १७९४ साली गेले. दुसरा बाजीराव पेशवा झाला तो १७९६ साली. आणि या बाजीरावाच्या पुण्यात रामजोशींचं नाव शाहीर म्हणूनच गाजलं. होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर या बिनीच्या शाहिरांच्या रांगेत त्यांना बसवलं जातं ते लावणीमुळं. कीर्तनकार आणि शाहीर अशा दोन्ही ओळखी त्यांच्या नावाला कायमच्या चिकटून राहिल्या. त्यातली एक खरी आणि दुसरी चूक, असा निवाडा काही करता येत नाही.

जादू सगळ्यांवर सारखी चालली का?

इथं एक गोष्ट बोलायलाच हवी.

दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात लावणीला पैसा मिळाला, बिदागी मिळाली. पण याच पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होत होती. याच काळात शृंगारिक लावणी हे वाड्यांतल्या चैनीचं साधन झालं होतं. लावणीतल्या नायिकेचं सौंदर्य शाहिरानं रंगवलं, श्रीमंतांनी दाद दिली. ज्या बायकांच्या देहावर ही सगळी दाद उधळली जात होती, त्यांचं आयुष्य त्या दादेनं बदललं नाही.

जातीचंही तेच. रामजोशी फडात गेले आणि परत पोथीकडं येऊ शकले. येणं सोपं नव्हतं, पण रस्ता होता. पंढरपूरच्या शास्त्र्याकडं बसून संस्कृत शिकायची मुभा त्यांना जन्मानं मिळाली होती. ज्या फडांतून ते डफ शिकले, तिथल्या कलावंतांना ती कधीच नव्हती. त्यांच्यात कुणी रामजोशींच्या तोडीचा असेलही. त्याला शिकवायला कुणी शास्त्री बसला नसता आणि त्याचं कीर्तन ऐकायला कुणी देवळात आलं नसतं.

धोंडी शाहिराचंच बघा. रामजोशींचा पहिला गुरू तोच म्हणायला हवा. पण आज त्याचं नाव उरलंय ते रामजोशींच्या गोष्टीतलं एक पात्र म्हणून.

तरीही रामजोशींनी केलं ते थोडं नव्हतं. त्यांच्यासारखा शास्त्री डफ घेऊन उभा राहिला, तेव्हा अस्सल कविता फक्त पोथीतच असते हा समज मोडला. लावणीला कमी लेखणाऱ्या पंडितांना ती निदान वाचावी लागली.

मेल्यावर पुन्हा एकदा जन्म

१८१२-१३ च्या सुमारास रामजोशी गेले. पाच-सहा वर्षांत, १८१८ साली, पेशवाईही बुडाली. शाहिरांचा मोठा आश्रयदाता गेला. इंग्रजी शिकलेल्या नव्या वर्गाला लावणी अश्लील वाटू लागली. पण फडांच्या तोंडी रामजोशी टिकून राहिले. पुढं शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासारख्या संग्राहकांनी शाहिरांच्या रचना गोळा करून छापल्या आणि गळ्यातला रामजोशी कागदावर आला.

मग आलं १९४७ साल. राजकमल कलामंदिरनं लोकशाहीर रामजोशी हा सिनेमा काढला. दिग्दर्शनात बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम. पटकथा आणि गाणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचं. रामजोशींच्या भूमिकेत जयराम शिलेदार आणि बया झाल्या होत्या हंसा वाडकर. सिनेमा तुफान चालला. मराठी तमाशापटांची जी लाट पुढची दोन-तीन दशकं टिकली, तिची सुरुवात याच सिनेमापासून धरतात. मतवाला शायर राम जोशी या नावानं तो हिंदीतही आला.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मराठी माणूस तिकीट काढून सोलापूरच्या एका शाहिराची गोष्ट बघत होता. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ज्या फडात बसल्याबद्दल त्याला घर सोडावं लागलं होतं, तोच फड बघायला आता सोवळ्यातली घरंही बायकापोरांसकट थिएटरात येत होती.

आज कुणी आयुष्य बदलण्यासाठी रोज डायरी लिहितं, कुणी चित्रं काढतं, कुणी गाणं शिकतं. त्यात काहीतरी जादू आहे असं अनेकांना मनापासून वाटतं. रामजोशींचं आयुष्य त्याला दुजोराच देतं, फक्त हिशेब पूर्ण सांगतं. धोंडीच्या फडात एका रात्रीत जे झालं ते वेड होतं. त्या वेडापायी त्यांनी घर सोडलं, पंढरपुरात वृत्तं आणि अलंकार घोटले, परत आले आणि ज्यांनी हाकललं त्यांच्याच डोळ्यांदेखत पुन्हा डफ उचलला.

त्यातलं काहीही एका रात्रीत झालेलं नाही.